अमेरिकेत फर्स्ट इयरला ऑनर सोसायटीत जायचंय? आधी पडताळा, मग पैसे भरा

फॉल सेमिस्टरचे (ऑगस्ट ते डिसेंबर) ग्रेड लागले की जानेवारी-फेब्रुवारीत मुलांच्या कॉलेज ईमेलवर अभिनंदनाचे मेल यायला लागतात आणि मग मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो, "मुलीला कुठल्याशा ऑनर सोसायटीचा मेल आलाय, डॉलर मागतायत, भरायचे का?" उत्तरं पण ठरलेली. निम्मे म्हणतात फ्रॉड आहे, डिलीट कर. उरलेले म्हणतात रेझ्युमेला बरं दिसतं, भरून टाक. मेल नक्की कुणाचा आहे हे कोणीच विचारत नाही.

त्यामुळे होतं काय, की कॉलेजच्याच चॅप्टरचं (म्हणजे सोसायटीच्या त्या कॉलेजातल्या शाखेचं) खरं निमंत्रण जंक समजून उडवलं जातं आणि महिन्याभराने आलेल्या चकचकीत मेलवाल्यांना पैसे जातात, कारण त्यांचा मेल दिसायला भारी असतो (खऱ्या चॅप्टरचा मेल बहुतेक वेळा रुक्ष असतो, ऑफिसातल्या कोणीतरी घाईत लिहिल्यासारखा). हे टाळायचं तर काम मेल आल्यावर नाही, त्याच्या आधी सुरू करावं लागतं. खाली तोच क्रम दिलाय, पायऱ्या उलटसुलट करू नका.

## सुरुवातीला शब्दांचा घोळ मिटवा

ऑनर्स कॉलेज किंवा ऑनर्स प्रोग्राम म्हणजे ज्यात वेगळे क्लास, कधी वेगळं डॉर्म, आणि ज्याला बहुतेक ठिकाणी स्वतः अर्ज करावा लागतो ते. डीन्स लिस्ट म्हणजे सेमिस्टरचा जीपीए (ग्रेडची सरासरी) ठरावीक आकड्याच्या वर गेला की कॉलेज आपोआप नाव टाकतं, त्याला कोणी पैसे मागत नाही, मागितले तर तो मेल कॉलेजचा नाही. आणि ऑनर सोसायटी म्हणजे देशभर चॅप्टर असलेली संस्था, जी ग्रेड बघून निमंत्रण देते आणि जॉइन व्हायची फी घेते. डीन्स लिस्टवर नाव आलं म्हणजे सोसायटीत घेतलं असं होत नाही.

अजून एक, ग्रीक अक्षरं बघून घरचे घाबरतात. फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी, म्हणजे मुलांचे आणि मुलींचे क्लब, यांनाही तसलीच नावं असतात, म्हणून "अगं हे पार्ट्यावाले तर नाहीत ना" असा फोन साताऱ्याहून येतोच. नाहीत. ऑनर सोसायटीत राहायचं घर नसतं, प्लेजिंगची (आत घ्यायच्या आधीच्या उमेदवारीची) भानगड नसते, रॅगिंग तर नाहीच.

## पायरी १: मेल यायच्या आधी आपल्या कॅम्पसवर काय आहे ते शोधा

हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करून ठेवा, अर्ध्या तासाचं आहे.

चार वर्षांच्या कॉलेजात फर्स्ट इयरवाल्यांसाठी मुख्यतः दोन नावं लक्षात ठेवायची: फाय एटा सिग्मा आणि अल्फा लॅम्ब्डा डेल्टा. दोन्ही इलिनॉय युनिव्हर्सिटीत सुरू झाल्या, पहिली १९२३ ला, दुसरी १९२४ ला, आणि दोन्हीची अट जवळपास सारखीच आहे: पूर्णवेळ विद्यार्थी, आणि पहिल्या वर्षात ४.० पैकी ३.५ जीपीए, वर्गातल्या वरच्या २० टक्क्यांत नंबर, किंवा दोन्ही, ते चॅप्टरप्रमाणे. कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या) असाल तर नाव वेगळं, फाय थीटा कॅपा. तिथे साधारण १२ क्रेडिट (प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात) पूर्ण झाले की दार उघडतं, जीपीएची अट चॅप्टर ठरवतं आणि ती बहुतेक ठिकाणी ३.५ असते. नंतर चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर घ्यायची असेल तर ही सोसायटी खरंच कामाची आहे, कारण बऱ्याच युनिव्हर्सिट्या तिच्या मेंबरांसाठी वेगळी ट्रान्सफर स्कॉलरशिप ठेवतात.

फाय बीटा कॅपाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, १७७६ पासूनची आहे, पण ती फर्स्ट इयरवाल्यांना घेत नाही. अर्ज करायचीही सोय नाही, तेच निवडतात. फाय कॅपा फाय पण तशीच, ज्युनियरमध्ये (तिसऱ्या वर्षात) वरच्या ७.५ टक्क्यांत आणि सीनियरमध्ये (चौथ्या वर्षात) वरच्या १० टक्क्यांत असाल तर. त्यामुळे पहिल्या वर्षात यांच्या नावाने मेल आला तर आधी भुवया वर जायला हव्यात.

शोधायचं कसं? कॉलेजच्या वेबसाइटवर, म्हणजे ज्या पत्त्याच्या शेवटी डॉट ईडीयू आहे तिथेच, सोसायटीचं नाव टाका. चॅप्टर असेल तर एक पान मिळतं आणि त्यावर फॅकल्टी किंवा स्टाफपैकी चॅप्टर ॲडव्हायजर कोण ते लिहिलेलं असतं. मग उलट बाजूने, सोसायटीच्या राष्ट्रीय वेबसाइटवर चॅप्टरची यादी असते त्यात आपलं कॉलेज आहे का बघा. ॲडव्हायजरचं नाव आणि ऑफिस फोनमध्ये लिहून ठेवा, पायरी ४ ला लागणार आहे.

इथे थांबून बघा: दोन्ही याद्यांत नाव जुळलं का? जुळलं नाही आणि चॅप्टरच नाही असं दिसलं तर विषय संपला, बाहेरून मेंबर व्हायचा चोरवाटेचा रस्ता शोधत बसू नका.

## पायरी २: जीपीएचा हिशोब स्वतः मांडा

इथे भारतातून थेट अंडरग्रॅडला आलेली मुलं हमखास गंडतात, कारण डोक्यात टक्केवारी असते आणि सगळे विषय सारख्या वजनाचे वाटतात. तसं नसतं. ग्रेडचे पॉइंट गुणिले त्या विषयाचे क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. ए म्हणजे ४, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३, बी मायनस २.७, हे बहुतेक कॉलेजांचं माप (तुमच्या कॉलेजचं कॅटलॉगमध्ये बघून घ्या).

एक सेमिस्टर मांडून बघू. कॅल्क्युलस ४ क्रेडिट, बी, म्हणजे १२. केमिस्ट्री ४ क्रेडिट, ए, १६. इंग्लिश कॉम्पोझिशन ३ क्रेडिट, ए मायनस, ११.१. हिस्ट्री ३ क्रेडिट, बी प्लस, ९.९. आणि तो एका क्रेडिटचा फर्स्ट इयर सेमिनार, ज्याला कोणी सीरियसली घेत नाही, ए, ४. बेरीज ५३, क्रेडिट १५, जीपीए ३.५३. बसलात.

आता बाकी सगळं तेच ठेवा आणि फक्त त्या सेमिनारमध्ये दोन रिफ्लेक्शन पेपर द्यायचे राहिले म्हणून ए ऐवजी बी पडला असं धरा. बेरीज ५२, जीपीए ३.४७. गेलं. कॅल्क्युलसच्या मिडटर्मसाठी जागून काढलेल्या रात्री एकेका पानाच्या दोन पेपरांनी वाया घालवल्या, आणि ३.४७ ला कोणी ३.५ म्हणून राउंड करून देत नाही, ३.४९ ला पण नाही.

वर्गात वरच्या २० टक्क्यांची अट कुठे ३.५ ऐवजी चालते तर कुठे ३.५ च्या जोडीला लागते, त्यामुळे कुठलं चॅप्टर कुठली अट लावतं हे ॲडव्हायजरलाच विचारायचं, स्वतःच्या मनाने धरून चालायचं नाही.

पास-फेल घेतलेल्या विषयात पास झालात तर क्रेडिट मिळतात, पण तो जीपीएत धरत नाहीत. इनकम्प्लीट ग्रेड पडला असेल तर तो पूर्ण होईपर्यंत चित्र अर्धवट राहतं, आणि याद्या काढायच्या वेळी ते तसंच अर्धवट असेल तर नाव सुटू शकतं. हायस्कूलमध्येच कॉलेज पातळीचे विषय करून एपी क्रेडिट घेऊन आलेल्या अमेरिकेत वाढलेल्या मुलांचा वेगळाच लोचा होतो, कागदावर क्रेडिट जास्त दिसतात म्हणून सिस्टिम त्यांना सोफोमोर (दुसऱ्या वर्षाची) समजते आणि फर्स्ट इयरच्या यादीतून ती गळतात. असं असेल तर ॲडव्हायजरला सरळ मेल टाका की मी कॅम्पसवर पहिल्याच वर्षाला आहे, मला कसं धरणार.

सावधान: ग्रेड वाचवायला विषय विथड्रॉ करायचा मोह होतो. जीपीए वाचतो, पण क्रेडिट १२ च्या खाली गेले तर तुम्ही पूर्णवेळ राहत नाही आणि सोसायटीची पहिलीच अट मोडते. एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर असाल तर सोसायटीचं सोडाच, इंटरनॅशनल ऑफिसची आधी परवानगी न घेता १२ च्या खाली गेलात तर व्हिसा स्टेटसचाच प्रश्न उभा राहतो. आधी त्यांना भेटा, मग बटण दाबा.

## पायरी ३: मेलबॉक्स, रेकॉर्ड आणि नाव नीट करून ठेवा

निमंत्रण कॉलेजच्या ईमेलवर येतं, जीमेलवर नाही. हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आलेली मुलं महिनाभर तो ईमेल उघडतच नाहीत. उघडा. जंक फोल्डर पण बघा.

आता फर्पाचं. हा १९७४ चा कायदा, तुमचे ग्रेड तुमच्या परवानगीशिवाय बाहेर द्यायला बंदी करतो (साधारणपणे आईवडिलांना सुद्धा, फी ते भरत असले तरी, यावरून घरोघरी जी रुसवाफुगवी होते ती वेगळी). पण त्याच कायद्यात डायरेक्टरी इन्फर्मेशन नावाचा प्रकार आहे: नाव, पत्ता, ईमेल, मेजर, मिळालेले सन्मान असल्या गोष्टी कॉलेज बाहेर देऊ शकतं, तुम्ही नाही म्हटलं नसेल तर. याचे दोन परिणाम. एक, एखाद्या अनोळखी संस्थेकडे तुमचं नाव, मेजर आणि ईमेल बरोबर आहे म्हणून तिने तुमचे ग्रेड बघितलेत असं होत नाही, यादी मिळवली असेल इतकंच. दोन, ओरिएंटेशनच्या गडबडीत तुम्ही प्रायव्हसी होल्डवर (म्हणजे माझी माहिती बाहेर देऊ नका यावर) टिक केलं असेल तर खऱ्या चॅप्टरचं निमंत्रण पण अडकू शकतं. स्टुडंट पोर्टलवर एकदा बघा, आणि होल्ड असेल तर काढायचा की नाही हे रजिस्ट्रारशी बोलून ठरवा.

नावाचं मात्र आवर्जून बघा, कारण मराठी नावांचा इथे फार बट्ट्याबोळ होतो. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही गिव्हन नेमच्या रकान्यात असतं, मग कॉलेजच्या सिस्टिममध्ये "सायली प्रकाश" हेच पहिलं नाव होऊन बसतं. काहींच्या पासपोर्टवर एक रकाना रिकामाच असतो, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) असं येतं, आणि सर्टिफिकेट छापणारी कंपनी डोळे मिटून तेच छापते. सर्टिफिकेटवर नाव कसं हवं हे फॉर्ममध्ये विचारत असतील तर तिथे हाताने टाइप करा, आपोआप भरलेलं तसंच सोडू नका. कॉलेजच्या रेकॉर्डमध्ये प्रिफर्ड नेम टाकायची सोय असेल तर ते डिसेंबरच्या आत करून टाका.

## पायरी ४: मेल आला, आता पडताळा

मेलमधली लिंक दाबायची नाही. हा नियम आहे, बाकी सगळं त्यानंतर.

१. पाठवणारा कोण? चॅप्टरचा मेल कॉलेजच्या पत्त्यावरून येतो किंवा राष्ट्रीय ऑफिसकडून येतो, पण ऑफिसकडून आला तरी त्यात तुमच्या चॅप्टरचं आणि ॲडव्हायजरचं नाव असायला हवं. पायरी १ ला लिहून ठेवलेलं नाव जुळतंय का?

२. ॲडव्हायजरला वेगळा, नवीन मेल लिहा. आलेल्या मेलला रिप्लाय करू नका, कारण रिप्लाय पाठवणाऱ्याकडेच जाणार. दोन ओळी पुरतात: असा मेल आलाय, तुमच्याकडूनच आहे का, शेवटची तारीख काय. या एका मेलने निम्म्याहून जास्त शंका मिटतात आणि तरी लोक तोच लिहायचा कंटाळा करतात आणि शंभर अनोळखी लोकांना विचारत बसतात.

३. असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज, म्हणजे एसीएचएस, ही १९२५ पासूनची संघटना सोसायट्यांना प्रमाणित करते. तिच्या वेबसाइटवर मेंबर सोसायट्यांची यादी आहे, त्यात नाव शोधा. यादीत नाही म्हणजे लगेच खोटी असं मात्र नाही, खुद्द फाय बीटा कॅपा त्या यादीत नाही. पण अनोळखी नाव, यादीत नाही, कॅम्पसवर चॅप्टर नाही, असं तिन्ही एकत्र आलं तर सोडून द्या.

४. निवडीची अट लिहिलीये का? "तुमची नेतृत्वगुणांसाठी शिफारस झाली आहे" आणि शिफारस कोणी केली ते गुपित, जीपीएचा आकडाच नाही, जागा मर्यादित, ४८ तासांत उत्तर द्या, हे वाचलं की ओळखून घ्या. तुमचा जीपीए २.९ असताना टॉप स्टुडंट म्हणून मेल आला असेल तर स्वतःशीच हसा आणि पुढे चला.

मधली पण एक जात असते, म्हणजे फ्रॉड नाही, कंपनी कायदेशीर आहे, पैसे घेऊन सर्टिफिकेट खरंच पाठवते, फक्त जवळजवळ कोणालाही घेते. माझं मत विचाराल तर त्यात पैसे घालू नयेत. ज्या यादीत कोणीही बसतं त्या यादीतलं नाव रेझ्युमे वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

इथे थांबून बघा: ॲडव्हायजरचं उत्तर लेखी आलं का? नसेल आलं तर ऑफिस अवर्समध्ये जाऊन या. त्याशिवाय पुढची पायरी नाही.

## पायरी ५: स्वीकारा आणि पैसे भरा

आता घाई करा, कारण शेवटची तारीख काही आठवड्यांचीच असते आणि ती कॉलेजच्या वेळेप्रमाणे मोजतात, पुण्यात बसून फॉर्म भरत असाल तर भारतातली तारीख धरू नका.

फाय एटा सिग्मा आणि अल्फा लॅम्ब्डा डेल्टा यांची फी एकदाच असते, मेंबरशिप आयुष्यभराची. दरवर्षी रिन्यूअल मागत असतील तर परत पायरी ४ ला जा. फी चॅप्टरप्रमाणे कमीजास्त होते. पेमेंटच्या पानावर पिन, कॉर्ड, फ्रेम, टी-शर्ट असलं बरंच काही कार्टमध्ये टाकायला सुचवतात, त्यातलं काहीच सक्तीचं नसतं. ग्रॅज्युएशनला गळ्यात घालायची कॉर्ड तर आत्ता घेऊच नका, तीन वर्षांत हरवते, आणि तुमचं कॉलेज ती घालू देतं का तेही आधी बघावं लागतं. फी जड जात असेल तर ॲडव्हायजरला तसं सांगा, काही चॅप्टर मदत करतात, काही नाही, पण विचारल्याशिवाय कोणी आपणहून देत नाही.

स्टुडंट आयडी मागतील, ठीक आहे. सोशल सिक्युरिटी नंबर, पासपोर्टचा फोटो किंवा पोर्टलचा पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. भारतातलं कार्ड वापरत असाल तर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत ना ते बँकेच्या ॲपवर आधी बघा, शेवटच्या रात्री पेमेंट फेल होऊन ओटीपी बाबांच्या फोनवर आणि बाबा झोपलेले, हे नको. पावती पीडीएफ करून ठेवा.

## पायरी ६: इंडक्शन

इंडक्शन म्हणजे मेंबर करून घ्यायचा समारंभ, बहुतेक वेळा वसंतात, तासाभराचा कार्यक्रम. नावं वाचतात, प्रतिज्ञा होते, काही ठिकाणी मेणबत्त्या, सर्टिफिकेट, फोटो, केक. क्लास किंवा लॅब आडवी येत असेल तर ॲडव्हायजरला आधी कळवा, न येता मेंबर होता येतं का हे चॅप्टरवर आहे. नाव वाचणाऱ्याला देवनागरी कळणार नाही हे धरून उच्चार इंग्रजीत फोडून लिहून द्या, नाहीतर "ज्ञानेश्वरी"चं काय होईल ते तुम्हीच ऐका. घरच्यांना बघायचं असेल तर लाइव्ह लिंक आहे का विचारा, संध्याकाळी सातचा कार्यक्रम भारतात पहाटे पडतो.

## मेल आलाच नाही तर

फॉलला अट पूर्ण झाली नाही तरी स्प्रिंग धरून वर्षाचा एकत्र जीपीए बसत असेल तर बऱ्याच चॅप्टरमध्ये पुढच्या फॉलला नाव येऊ शकतं. आणि अट पूर्ण असून मेल नाही तर गप्प बसू नका: ट्रान्सक्रिप्ट जोडून ॲडव्हायजरला लिहा. उशिरा बदललेला ग्रेड, प्रायव्हसी होल्ड, एपीमुळे चुकलेलं वर्ष, कारण बहुधा यातलंच एक निघतं. दुसऱ्या कॉलेजातून ट्रान्सफर होऊन आला असाल तर टाऊ सिग्मा ही खास ट्रान्सफरवाल्यांची सोसायटी तुमच्या कॅम्पसवर आहे का बघा.

## पायरी ७: झालात मेंबर, आता वापरा

इथे सगळे ढेपाळतात. सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये जातं आणि संपलं. खरा फायदा स्कॉलरशिपमध्ये आहे. फाय एटा सिग्मा आणि अल्फा लॅम्ब्डा डेल्टा या दोन्ही सोसायट्या फक्त मेंबरांसाठी स्कॉलरशिप ठेवतात, अंडरग्रॅडसाठी आणि पुढे ग्रॅज्युएट स्कूलसाठी पण. अर्जाच्या तारखा इंडक्शनच्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका, आणि नागरिकत्वाची काही अट आहे का ते अर्ज लिहायला बसायच्या आधी वाचा. एफ-१ वाल्यांनी एवढं धरा की ट्यूशन आणि पुस्तकांसाठी वापरलेल्या स्कॉलरशिपवर साधारणपणे टॅक्स नसतो, राहण्या-जेवणाच्या भागावर असू शकतो. चॅप्टरचं पद घेऊन काम करायला व्हिसाची अडचण नाही, पण पदाला मानधन असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

रेझ्युमेत एक ओळ: सोसायटीचं पूर्ण नाव, चॅप्टर, सेमिस्टर. शिक्षणाच्या भागात, अवॉर्ड म्हणून वेगळं हेडिंग काढून नाही. चॅप्टरचं ट्युटरिंग किंवा कुठलं पद सांभाळलं असेल तर ते मात्र वेगळं लिहा, इंटर्नशिपच्या मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतात.

सरकारी नोकरीबद्दल एक अर्धवट माहिती बरीच फिरते, की ऑनर सोसायटी असेल तर फेडरल नोकरीत थेट जीएस-७ या पगारश्रेणीला सुरुवात होते. नियमात राष्ट्रीय ऑनर सोसायटीची मेंबरशिप खरंच चालते, पण फ्रेशमन (फर्स्ट इयरच्या) सोसायट्या त्यातून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. त्यासाठी पुढच्या वर्षांतली सोसायटी लागेल, किंवा नुसता चांगला जीपीए. आणि या नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी अमेरिकन नागरिकत्व लागतं ते वेगळंच.

पुढच्या सोसायट्यांची तयारी म्हणाल तर इंजिनीअरिंगवाल्यांनी टाऊ बीटा पायवर डोळा ठेवावा, ज्युनियर वर्षात वर्गाच्या वरच्या एक-अष्टमांशात असायला लागतं. फाय बीटा कॅपा डोक्यात असेल तर नुसता जीपीए पुरत नाही, लिबरल आर्ट्सचे विषय लागतात, एक परकी भाषा इंटरमीडिएट पातळीपर्यंत लागते आणि गणित किंवा स्टॅटिस्टिक्सचा कॉलेज पातळीचा विषय लागतो. मराठी किंवा हिंदी येते म्हणून भाषेची अट सुटेल का, हे प्रत्येक कॉलेजचं चॅप्टर ठरवतं, तेव्हा सोफोमोर वर्षाचं रजिस्ट्रेशन उघडायच्या आधीच त्यांना विचारून घ्या, नाहीतर सीनियर वर्षात स्पॅनिश वन झिरो वनच्या वर्गात सगळ्या नवख्या पोरांत जाऊन बसावं लागतं.